राजाक्काचा मंगळवार

राजाक्काचा फोटो पाहून आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि उरलेल्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. फोटोत वावगं काही नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराजवळचा समुद्र, काठावर लाकडी बाक, बाकावर तीन बायका. मधली आमची राजाक्का. अंगावर इरकली साडी, पायात पांढरे बूट, डोक्यावर मुलाची लोकरीची टोपी, हातात तळलेल्या बटाट्याचा पुडा. तोंड एवढं उघडं की हसते आहे की ओरडते आहे ते कळू नये. तिच्या डावीकडे ठसठशीत कुंकू लावलेली एक जण, उजवीकडे डोक्यावरून ओढणी घेतलेली दुसरी. खाली तिनं फोनला सांगून लिहून घेतलेली एकच ओळ होती, 'आज कामाला सुट्टी.'

"सून कामावर आणि सासू समुद्रावर," असं माझ्या दुकानात ब्लाउज न्यायला आलेली एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "पोरानं नेलंय कशाला आनि ही करती काय." माझं बेळगावच्या वडगावात पिको-फॉलचं दुकान आहे. दुकानात बोललेलं मी ऐकून घेते, कारण ती गिऱ्हाइकं आहेत. लिहिताना मात्र मी कोणाची बांधील नाही. त्यामुळे राजाक्काची हकिकत मी तिच्याच बाजूनं सांगणार आहे. दुसरी बाजू ऐकायची असेल त्यांनी गल्लीत कोणालाही विचारावं, फुकट मिळेल.

राजाक्का म्हणजे राजाबाई. घर माझ्या दुकानाच्या अगदी समोर. नवरा महादेव अण्णा साड्यांचे माग चालवायचे. ते गेले तेव्हा युवराज कॉलेजात होता. दहावं-तेरावं झालं आणि राजाक्कानं पदर खोचून माग सुरू केला. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेल्यामुळे हळू बोलणं तिला माहीतच नाही. गुपित सांगायला आली तरी ते कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला कळतं. आणि फिरायला जाणं हा शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. ती लग्नाला जायची, मयताला जायची, सौंदत्तीच्या डोंगरावर देवीला जायची, तेही सगळ्या घराच्या भाकऱ्या बांधून घेऊन आणि सगळ्यांच्या मागून चालत.

तिला बसलेली पाहायचं तर वाराचे दिवस यायला लागत. आमच्याकडे आषाढात मंगाई देवीची यात्रा भरते आणि तिच्याआधी काही आठवडे गाव वार पाळतं. मंगळवारी आणि शुक्रवारी कोणी शेतात उतरत नाही, माग बंद असतात. नेम मोडला तर देवी कोपेल ही धास्ती सगळ्यांना, शिकलेल्यांनाही. त्या दिवशी गल्ली इतकी शांत होते की शेजारच्या घरातलं घड्याळ ऐकू येतं. राजाक्का इस्त्रीची साडी नेसून कट्ट्यावर येऊन बसायची. जेवणवेळेला तेवढी आत जाऊन यायची, पण ते कोणी धरत नसे. व्यापाऱ्याचा माणूस साड्या मागायला आला तर ती तिथूनच सांगायची, "आज वार हाय." पुढं नवऱ्याचं, सासूचं, व्यापाऱ्याचं, कोणाचंच काही चालत नसे. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं, ही बाई वर्षभर या दोन शब्दांसाठीच राबते.

युवराज शिकला, बेंगळूरला लागला, तिथून मेलबर्नला गेला. बायको नीलम निपाणीची, तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. मुलगी झाली, तिचं नाव तेजस्वी ठेवलं, आणि नीलमची सुट्टी संपत आली तसा युवराजचा आईला फोन आला. राजाक्कानं मागावर जुनी चादर पांघरली, दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि गेली. किल्ली माझ्याकडे ठेव म्हटलं तर म्हणाली, "माझी किल्ली माझ्यासंगं येऊ दे."

तिथून ती रोज मला फोन करायची. आमच्याकडे दुपार असली की तिच्याकडे संध्याकाळ. चित्रात पुढं कढई आणि मागं राजाक्का. सकाळी दोघं डबे घेऊन जायची. मग बाळाचं न्हाणं, बाळाचं खाणं, कपडे, भांडी, रात्रीचा स्वयंपाक. मशीन होतं, पण मशीनमध्ये घालायला आणि त्यातून काढायला माणूस लागतोच. फोन खिडकीकडे फिरवून ती मला रस्ता दाखवायची. "बघ गं पुर्णे. सकाळधरनं एक माणूस गेलं न्हाय दारातनं. बोलायचं कुणासंगं? ह्या पोरीला अजून शब्द फुटला न्हाय आनि मला गप बसाय येत न्हाय."

युवराज वाईट मुलगा नाही, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यानं आईला गरम होणारं पांघरूण आणलं, गुडघ्याला पट्टा आणला, टीव्हीवर मराठी मालिका लावून दिल्या. फक्त बाहेर जाऊ नको म्हणाला. "आई, तू हरवशील. तुला हितली भाषा येत न्हाय." राजाक्का म्हणाली, "मी बेळगावात ऱ्हाते. मराठी, कानडी, हिंदी, तिन्हीत भांडते. चौथीत हरवते व्हय?" तो हसला आणि दार ओढून कामाला गेला.

रविवारी मात्र तिला बाहेर नेत. मोठ्या मॉलमध्ये. दोघं दुकानात शिरली की राजाक्का बाहेर बाकावर, एका बाजूला बाळाची गाडी, दुसऱ्या बाजूला सामान. तीन-चार रविवार झाल्यावर एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "मला पिशव्या राखाय नेत्यात, पुर्णे." तेवढं एकच वाक्य ती हळू बोलली. मला इतकं वाईट वाटलं की हातातल्या साडीचा फॉल मी उलटा लावला.

मग आषाढ आला. वाराच्या पहिल्या मंगळवारी तिचा फोन आला आणि बोलता बोलता ती थांबली. "पुर्णे, तुझ्या मागं माग का वाजंनात? लाइट गेली काय?"

"लाइट हाय की. आज वार न्हवं का, राजाक्का."

कढईतलं काहीतरी करपायला लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. मग "बरं, ठेव," म्हणाली.

त्या शुक्रवारी मेलबर्नच्या त्या घरात काय झालं ते तिनं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं होते असंच मला वाटतं. युवराज सकाळी खाली आला तर स्वयंपाकघरात अंधार. आई पुढच्या खोलीत सोफ्यावर इस्त्रीची साडी नेसून, हात मांडीवर ठेवून बसलेली. त्यानं डबा कुठं आहे विचारलं. ती म्हणाली, "आज वार हाय." त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, यात्रा वडगावात. हितं कसला वार?"

"देवीला व्हिसा लागत न्हाय," राजाक्का म्हणाली. "वाराला काम बंद. चूल बंद. आनि पोरीला आज तुम्ही दोघांनी बघायचं. मी भाईर चालले."

नीलमनं नवऱ्याकडे पाहिलं. निपाणीकडे असला वार तिनं कधी पाहिला नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा तिनं पाहिला. युवराज कंप्युटरवाला असला तरी वडगावचा आहे. लहानपणी वाराच्या दिवशी मागाला नुसता हात लावला म्हणून आजीनं त्याच्या कानाखाली दिली होती. तो कान त्याला आठवला असावा. त्यानं ऑफिसला फोन करून घरून काम करतो म्हणून सांगितलं, आणि राजाक्का दार उघडून बाहेर पडली.

गाडीतून जाताना तिनं रस्ता ध्यानात ठेवलेला होता, बसचा थांबा कुठं आहे तेही. नीलमनं तिला प्रवासाचं कार्ड केव्हाच काढून दिलं होतं, ते आजवर पाकिटात कोरं पडलं होतं. बसमधल्या बायका उतरतील तिथं उतरायचं असं ठरवून ती बसली आणि उतरली ती थेट बाजारात. मोठी छपराखालची मंडई, मंगळवारी आणि शुक्रवारीसुद्धा भरणारी. हे कळल्यावर ती मला म्हणाली, "बघ, तिथल्या लोकांनाबी वार ठावं हायत." मी तिला काही सांगायला गेले नाही.

त्या मंडईत तिला कानडी ऐकू आलं. एक बाई शेवग्याच्या शेंगा मोडून बघत होती आणि या जून झाल्या आहेत म्हणून दुकानदाराला कानडीतून सुनावत होती. दुकानदार व्हिएतनामचा. तो आपल्या भाषेत उत्तर देत होता, आणि दोघांचं चाललं होतं. राजाक्कानं "एनरी", म्हणजे काय हो, अशी कानडीतूनच हाक मारली. बाई वळली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. भाग्यलक्ष्मी तिचं नाव, आमच्या जवळच्याच बैलहोंगलची, मुलीच्या बाळंतपणाला आलेली आणि तिथंच अडकलेली. दोघी मंडईतल्या पायरीवर इतका वेळ बोलत बसल्या की झाडूवाल्यानं त्यांच्याभोवतीचं सगळं झाडून घेतलं आणि त्यांची पायरी तेवढी ठेवली. गल्लीत ही गोष्ट कळल्यावर महादेव अण्णांचे धाकटे भाऊ नागोजी आप्पा म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन मैत्रीण केली ती कानडी?" मी म्हटलं, "आप्पा, राजाक्काला बोलायचं हुतं, सीमाप्रश्नाची सभा भरवायची न्हवती."

तिसरी जरमिना. तिच्या घरच्यांची त्याच मंडईत रोटीची भट्टी. ती अफगाणी, पण टीव्ही बघून बघून हिंदी शिकलेली. राजाक्काचं हिंदी बेळगावच्या बाजारातलं, तिचं मालिकांमधलं. त्यामुळे जरमिना "आप तशरीफ रखिए" म्हणायची आणि राजाक्का म्हणायची, "सरको, बैठती मैं."

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी या तिघी निघायला लागल्या. मंगळवारी कुठं जायचं ते राजाक्कानं ठरवायचं, शुक्रवारी बाकी दोघींनी. रेल्वेत बसून शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं आणि तिथं काय आहे ते बघायचं. एकदा उलट्या दिशेच्या गाडीत बसल्या, तर तिथलंही गाव बघून आल्या. एकदा एका चर्चबाहेर लग्न चाललेलं दिसलं, तिघी कडेला उभ्या राहिल्या, नवरीच्या आईनं बोलावून केक दिला. राजाक्कानं नवरीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. नवरीला ते इतकं आवडलं की तिनं आपल्या बहिणींनाही रांगेत उभं केलं. एका ग्रंथालयात फुकट गरम हवा आणि मऊ खुर्च्या असतात, तिथं पाऊस लागला की जाऊन बसायच्या. राजाक्काच्या आवाजाला तिथल्या बाईनं एकदा ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या खेपेला राजाक्कानं तिच्यासाठी शेंगदाण्याचा लाडू नेला, आदल्या दिवशी केलेला. तेव्हापासून बोट बंद झालं.

फोनवरची राजाक्का बदलली. आता चित्रात कढई नसायची. कधी झाडं, कधी ट्राम, कधी नुसतं आभाळ आणि त्यात तिचा आवाज. मी पिको मारत ऐकायची आणि मला भयंकर बरं वाटायचं. का वाटू नये? माणसानं परदेशात जावं आणि परदेश खिडकीतून बघावा, हे कोणी ठरवलं?

युवराज मात्र यात्रेची वाट बघत होता. वाराला तो काही बोलू शकत नव्हता, पण यात्रा झाली की वार संपतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. यात्रा झाली. मी राजाक्काला फोनवर सगळं दाखवलं, तिनं तिथून हात जोडले. मग आला शुक्रवार. युवराज सकाळी निर्धास्तपणे खाली आला, तर आई बूट घालत होती. त्याची त्या दिवशी मोठी मीटिंग. ती त्यानं तेजस्वीला मांडीवर घेऊन केली आणि तिनं मध्येच त्याच्या साहेबाला जीभ काढून दाखवली. समुद्रावरचा तो फोटो त्याच शुक्रवारचा. युवराजनं तो पाहिला आणि नागोजी आप्पांना फोन लावला.

सोमवारी दुपारी आप्पा माझ्या दुकानात आले. भाऊ गेल्यापासून घराचं कर्तेपण त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. भावाच्या मागाला मात्र त्यांचा हात कधी लागला नाही. त्यांच्या मागोमाग मालुबाई, त्यांची बायको, हातात फॉलला द्यायच्या साडीची पिशवी. राजाक्काची ही धाकटी जाऊ. उभ्या गल्लीत तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही.

"पूर्णिमा, वैनींचा फोन येतोय न्हवं आत्ता तुला?" आप्पा म्हणाले. "माझा उचलत न्हाईत. आला की माझ्याकडं दे."

फोन आला. राजाक्काच्या कडेवर तेजस्वी, मागं युवराज. तो तयारच असल्यासारखा पुढं झाला. त्यांचं आधी बोलणं झालेलं होतं हे कोणालाही कळलं असतं. मी फोन शिलाई मशीनवर उभा केला. आप्पांनी घसा साफ केला.

"वैनी, यात्रा झाली."

"बघितली की. पुर्णीनं दावली. गर्दी लई हुती औंदा."

"म्हंजे वार संपलं."

"संपलं."

"मग उद्या मंगळवारी तुम्ही घरात ऱ्हाणार."

युवराज म्हणाला, "आई, वार हुता तवर मी एका शब्दानं बोललो न्हाय. आता संपला. तू आशी गेलीस की आमचं समदं कोलमडतंय."

"आनि दुसरं सांगतो," आप्पा म्हणाले. आता त्यांना हुरूप आला होता. "वाराला आपल्यात चूल कवा बंद असती? माग बंद, नांगर बंद. सैपाक हुतोच की. ईचार तुझ्या काकीला. वैनींनी फसवलं तुला, युवराज."

युवराजनं आईकडे पाहिलं. "व्हय, आई? वाराला सैपाक व्हायचा?"

मला हसू आवरेना. वडगावात जन्मलेला, वाढलेला बाप्या. इतकी वर्षं वाराच्या दिवशी तो काय वारा खाऊन जगला होता? पण त्याला खरंच माहीत नव्हतं. ताट पुढ्यात यायचं, ते कुठून यायचं हे बघायला तो कधी आत गेला नव्हता.

राजाक्कानं तेजस्वीला त्याच्या हातात दिलं आणि पदर नीट केला. "व्हायचा की," ती म्हणाली. "तू काय खायचास त्या दिवशी? ताटात कोन वाढत हुतं, मंगाई? माग बंद, नांगर बंद, बैलाला सुट्टी. चुलीफुडल्या बाईला तेवढी सुट्टी न्हाय. देवीच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल. माझ्या ध्यानात आलं, म्हनून मी बंद केली."

"ते कायबी असू दे," आप्पा म्हणाले. "देवीचं वार संपलं म्हणतोय मी."

"व्हय, भावजी. देवीचं संपलं. उद्यापासनं माझं."

राजाक्काचा आवाज नेहमीसारखाच होता, पार पानपट्टीपर्यंत जाणारा.

"युवराज, नात माझी हाय. बाकीच्या दिवशी मी तिला बघते, आनंदानं बघते. मंगळवार आनि शुक्रवार माझा. आता देवीचं नाव न्हाय सांगत, माझंच सांगते. जमत नसंल तर तिकीट काढ. माझा माग हाय तिथं, आनि किल्ली माझ्या कमरेला हाय."

मग चित्राच्या बाहेरून नीलमचा आवाज आला. "मंगळवारी मी घरी थांबेन, आई, त्याऐवजी शनिवारी लॅबला जाईन. शुक्रवारी हे घरून काम करतील. मी दुपारीच लॅबमध्ये विचारलंय." युवराज तिच्याकडे वळला. त्याचं तोंड आम्हाला दिसलं नाही, पण तेजस्वी त्याच्या खांद्यावरून आमच्याकडे बघून जीभ काढत होती.

आप्पांनी फोनला पाठ केली. "चल," ते मालुबाईला म्हणाले. मालुबाईनं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसली.

"चल की. चहाची येळ झाली."

"तुम्ही व्हा फुडं. मी बसते जरा."

"आज तर सोमवार हाय," आप्पा म्हणाले.

"आसंल," मालुबाई म्हणाली. "चूल घरातच हाय. सापडंल तुमास्नी."

आप्पांनी पायरीवरच्या चपला पायात सरकवल्या. मग गेले. मी पुढं होऊन फोन बंद करायला हात घातला तर तो चालूच होता, आणि राजाक्का त्यातून वाकून बघत होती.

"मालू, बसलीस व्हय गं?"

"बसले, आक्का." मालुबाईनं स्टूल फोनजवळ ओढून घेतलं. "उद्या कुठं जाणार हायसा? जाशीला तवा मला दावा."